कोकण किनाऱ्याने गाडीतून दोघंच: आखणी कुठे चुकते आणि टप्पे कसे लावायचे

समुद्र उजव्या हाताला धरायचा, मुंबईहून निघायचं आणि चार दिवसांत वेंगुर्ल्याला पोचायचं, असा बेत घेऊन निघालेली जोडपी दुसऱ्या संध्याकाळी दाभोळच्या अलीकडे कुठेतरी अंधारात गाडी हाकत असतात. उपाशी, आणि एकमेकांशी न बोलता. दोष गाडीचा नसतो, रस्त्याचाही फारसा नसतो. नकाशावरचे किलोमीटर भागून दिवस पाडले जातात, तिथेच बेत फसतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवस ठरतो तो खाडीवरच्या फेरीने (गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीने), भरती-ओहोटीने आणि जेवण आधी सांगून ठेवलंय की नाही याने. किलोमीटर त्यानंतर. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत आणि पहिले चार घरी बसूनच उरकायचे आहेत.

## १. आधी पट्टा निवडा, मग रजा टाका

किनाऱ्याचे सोयीसाठी तीन तुकडे करा.

उत्तरेचा: अलिबाग, काशीद, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मधला: वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीचे किनारे, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी. दक्षिणेचा: विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी.

उत्तरेला दोन-तीन रात्री पुरतात. मधल्याला चार हव्यात, दक्षिणेलाही चार. सगळा किनारा एका दमात करायचा तर दहा रात्रींची तयारी ठेवा. रजा चारच दिवसांची असेल तर एकच पट्टा घ्या आणि तिथपर्यंत महामार्गाने किंवा घाटाने सरळ जा. पुण्याकडून उत्तरेच्या पट्ट्याला ताम्हिणी उतरून माणगाव, कऱ्हाडकडून गुहागरला कुंभार्ली, कोल्हापूरकडून रत्नागिरीला आंबा घाट आणि देवगड-मालवणला फोंडा किंवा गगनबावडा. घाट दुरुस्तीसाठी बंद असणं नवीन नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी कराच.

वेगाचा हिशेब असा. किनाऱ्याच्या रस्त्याने ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा. वळणं, चढउतार, गावातून जाणारी अरुंद वाट, समोरून येणारी एसटी. शंभर किलोमीटर म्हणजे चार तास, शिवाय फेरीची वाट पाहणं वेगळं. दिवसाला शंभरच्या वर जाऊ नका. मला विचाराल तर ऐंशीच. आणि दर तिसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही.

तपासा: कागदावर प्रत्येक दिवसापुढे फक्त तीन गोष्टी लिहा: कोणती खाडी, दुपारचं जेवण कुठे, मुक्काम कुठे. एका दिवसापुढे दोन फेऱ्या आल्या तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. तीन आल्या तर बेत परत आखा.

## २. महिना आणि तिथी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा काळ. एप्रिल-मे आंब्याचा, पण घामाचा आणि गर्दीचा. पावसात हिरवाई डोळे निववते, पण तेव्हा जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, स्कुबा-बोटिंग बंद असतं आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. जुलैत मालवणला जाऊन ताजी सुरमई मागणाऱ्याला मिळते ती बर्फातली.

टाळायचे दिवस वेगळेच आहेत. गणेशचतुर्थीला महामार्ग तुंबतो, शिवाय घरगुती मुक्काम देणाऱ्या घरात चाकरमानी परत आलेले असतात. ते घर तेव्हा पाहुण्यांचं नसतं, गणपतीचं असतं. शिमग्यात पालख्या रस्त्यावर असतात. बघायला मजा, पण दोन तास उशीर धरून चला. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, दरवर्षी कौल घेऊन दिवस जाहीर होतो. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मालवणच्या आसपास जाणार असाल तर त्या वर्षीची तारीख आधी काढा, नाहीतर खोली मिळणार नाही आणि रस्ताही.

आता भरती. बहुतेक जण हा भाग सोडूनच देतात. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून हिशेब करतात, तो तुम्हीही घरच्या कॅलेंडरवर करू शकता. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. षष्ठी असेल तर सहा पाऊण साडेचार: पहाटे साडेचार आणि दुपारी पाच वाजायच्या सुमारास भरती. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेअकराच्या आसपास. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, तेव्हा भरती सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान येते आणि उधाणाची असते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जिथे जिवाशी गाठ आहे तिथे भरतीचं तयार कोष्टक बघा आणि शिवाय गावात विचारा.

हे कशासाठी, तर:

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग पायऱ्यांनी खाली समुद्रालगतच्या खडकांवर उतरतो. तो फक्त ओहोटीला, आणि पाणी उतरत असताना. चढत्या पाण्यात तिथे माणसं ओढली गेली आहेत.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने होतो. आत रमलात आणि पाणी चढलं की होडी शोधावी लागते.

हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघायची. खडकाच्या चिरेत लाट शिरून कारंज्यासारखी वर उडते. ओहोटीला गेलात तर कोरडी भेग बघून परत याल आणि "यात काय आहे?" म्हणाल.

देवबागसमोरचं वाळूचं बेट, ज्याला सगळे त्सुनामी बेट म्हणतात, तेही पाणी उतरल्यावरच नीट उघडं पडतं.

सावधान: पोहण्यासाठी म्हणून काशीद, गणपतीपुळे आणि आरे-वारे इथे पाण्यात खोल जाऊ नका. उतार अंगावर येतो आणि ओढ जबर असते. गुडघ्याएवढं पाणी पुरे.

## ३. नकाशातले जुळे

फोनचा नकाशा कोकणात दोन प्रकारे फसवतो. पहिला प्रकार: तो फेरी टाळून तुम्हाला महामार्गावर ढकलतो. सेटिंगमध्ये "फेरी टाळा" बंद आहे ना, ते बघा. दाभोळहून गुहागरला फेरीने खाडी ओलांडायची सोडून खेड-चिपळूणचा वळसा घेतला तर शंभरच्या घरात किलोमीटर पडतात.

दुसरा प्रकार नावांचा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं दापोलीजवळचं, कर्दे-हर्णैच्या शेजारचं. राजापुरी म्हणजे जंजिऱ्याच्या होड्यांचा धक्का, राजापूर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ. दुसरं वेळास दिवेआगरच्या बाजूला. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात, आणि त्याच नावाचं गाव गोव्यात फोंड्याकडे. फोंडाही दोन आहेतच, एक घाट उतरल्यावरचा आणि एक गोव्यातला. खोली आरक्षित करताना गावापुढे तालुका लिहून घ्या. नकाशावर खूण ठेवताना तालुका बघून ठेवा.

मधल्या पट्ट्यात रेंज जाते-येते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मुक्कामाच्या फोन नंबरांचा एक कागद गाडीत ठेवा. कागदच.

## ४. मुक्काम आणि जेवण आधी सांगणं

खोली फोनवर बोलून घ्या. बोलताना या गोष्टी ठरवा: गाडी दारापर्यंत येते का, की वाडीच्या तोंडाशी लावावी लागते, किनारा चालत किती, रात्री किती वाजेपर्यंत आलं तर जेवण मिळेल, आणि दोघांची ओळखपत्रं लागतील ती कोणती. आडनावं वेगळी असली किंवा लग्न झालेलं नसलं तर तेही फोनवरच सांगून मोकळे व्हा. घरगुती मुक्कामात काही ठिकाणी मालक नाही म्हणतात. ते दारात उभं राहून ऐकण्यापेक्षा दोनशे किलोमीटर आधी ऐकलेलं बरं.

जेवणाचं त्याहून महत्त्वाचं. कोकणातलं चांगलं जेवण बऱ्याचदा पाटी लावलेल्या हॉटेलात नसून घरगुती खाणावळीत असतं, आणि तिथे तुम्ही सांगितल्याशिवाय चूल पेटत नाही. दुपारी अडीचला अचानक जाऊन "काय आहे?" विचारलं तर उत्तर "वरण-भात आहे" असं येतं, आणि तेही उपकार म्हणून.

आदल्या संध्याकाळी फोन करा आणि एवढंच बोला:

"काकू, उद्या दुपारी एकला दोघं येतोय. एक मासे खाणारा, एक शाकाहारी. मासा जो ताजा मिळेल तो करा. तांदळाची भाकरी पाहिजे. आणि मोदक पाच."

या पाच वाक्यांत सगळं आलं. वेळ, माणसं, आणि मासा कुठला ते त्यांच्यावर सोडलं. सिंधुदुर्गात उत्तर येईल, "बांगडो गावलो तर बांगडो, नायतर जा गावात ता." म्हणजे बांगडा मिळाला तर बांगडा, नाहीतर जे मिळेल ते. यावर सुरमईचा हट्ट धरू नका. ज्या दिवशी जे जाळ्यात आलं तेच त्या दिवशी चांगलं.

उकडीच्या मोदकांचं मात्र आदल्या दिवशीच सांगा आणि संख्या सांगा. पिठी, नारळ, वाफ हे ऐन वेळचं काम नाही.

नेहमीच्या चुका: सोमवारी, संकष्टीला किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारी माशांचं ताट गृहीत धरणं. बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत, आणि श्रावणात तर महिनाभर नाहीत. त्या दिवशी शाकाहारी ताट ठेवा, त्यात काहीही कमीपणा नाही. दुसरी चूक दराची. थाळीचा दर फळ्यावर असतो, पण पापलेट आणि सुरमई "साइजप्रमाणे" असतात. तुकडा तव्यावर पडायच्या आधी दर विचारा. नंतर विचारून भांडण होतं, आणि दोघांच्या सहलीत त्याचं सावट दिवसभर राहतं.

## ५. गाडी आणि कोण काय करणार

टायर, स्टेपनी, ब्रेक, वायपर, हेडलाइट बघून घ्या. हॉर्नसुद्धा, कारण वळणावर तोच कामाचा. फास्टॅगमध्ये पैसे. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा, टोइंगची दोरी, टॉर्च. पाय धुवायला पाण्याचा कॅन आणि जुना टॉवेल: हा नसला तर तिसऱ्या दिवशी गाडीत पुळण, म्हणजे वाळूचा किनाराच, तयार होते. सुटे पैसे भरपूर, कारण क्यूआर कोड सगळीकडे आहे पण रेंज नाही.

टाकी अर्ध्यावर आली की भरायची. दापोली, गुहागर-शृंगारतळी, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथे चिंता नाही. मधल्या गावांवर भरवसा ठेवू नका.

गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. शेजारी बसणाऱ्याकडे तीन कामं: नकाशा, पुढच्या जेवणाचा फोन आणि घड्याळ. प्रत्येक फेरीला जागा बदला. दोघांना गाडी येत असूनही एकानेच चालवायची आणि दुसऱ्याने चिवडा पुढे करायचा, ही वाटणी आठव्या दिवसापर्यंत टिकत नाही.

रात्री किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ नका. दिवे नाहीत, जांभ्याचा कठडा कुठे आहे आणि कुठे तुटलाय ते कळत नाही, आणि गुरं रस्त्यावरच बसलेली असतात. दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठायचा.

सावधान: गाडी पुळणीवर नेऊ नका. फोटोसाठी नेतात, ओली वाळू घट्ट वाटते आणि वळवताना चाक बसतं. पोलिस कारवाई करतात ते वेगळंच. तरीही रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जातं. सामान आणि माणसं उतरवा, चाकांतली हवा थोडी कमी करा, चाकासमोरची वाळू हातांनी उकरा आणि खाली माडाच्या झावळ्या किंवा गाडीतली पायपुसणी सरकवा. मग दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू. हे सगळं करताना एकाची नजर पाण्यावर हवी. भरती चढत असेल तर प्रयोग सोडा आणि गावातून ट्रॅक्टर बोलवा.

## ६. फेरीवर गाडी चढवणं

उत्तरेकडून दक्षिणेकडे गाडी नेणाऱ्या फेऱ्या या क्रमाने लागतात: मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. पुलांची कामं अधूनमधून पुढे सरकत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी कुठे काय चालू आहे ते विचारा.

मांडव्याच्या रो-रोची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि खराब हवामानात ती रद्द होते. बाकीच्या फेऱ्यांना सहसा धक्क्यावर जाऊन रांगेत लागायचं. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारा; त्यांना पक्कं माहीत असतं. शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवून बेत आखू नका. शनिवार-रविवारी रांग दोन-तीन फेऱ्यांइतकी लांबते.

चुकीचा धक्का ही इथली नेहमीची गंमत. राजापुरीहून दिघीला लाँच जाते, ती माणसांची. चारचाकी आगरदांड्यावरूनच.

चढवताना चालकाशिवाय बाकीच्यांनी उतरून चालत जायचं. कर्मचारी हाताने दाखवतील तसंच गाडीचं तोंड करा, स्वतःची अक्कल नको. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो. खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो, म्हणून पहिल्या गियरमध्ये, न थांबता, ब्रेकला धक्का न देता. गाडी लावली की इंजिन बंद, हँडब्रेक, गियर. मग खाली उतरून कठड्याशी उभे राहा. फेरीचा तेवढाच वेळ दोघांनाही रस्त्याकडे बघावं लागत नाही.

## ७. दिवसाचा क्रम

सकाळी समुद्रावर, परत येऊन आंघोळ आणि न्याहारी. नऊच्या सुमारास गाडी सुरू. लांबचा पल्ला दुपारी बाराच्या आत संपवायचा, एकला जेवायचं. जेवल्यावर लगेच गाडी चालवू नका. सोलकढी, भात आणि ऊन एकत्र आले की डोळे मिटतात. तासभर पडवीत काढा. उरलेला तीस-चाळीस किलोमीटरचा पल्ला तीननंतर, आणि सूर्यास्त मुक्कामाच्याच किनाऱ्यावर.

सूर्यास्तासाठी आरे-वारेच्या चढावर गाड्या वळणातच उभ्या करतात. तसं करू नका. वर मोकळी जागा आहे, तिथे नीट लावून चालत या.

## ८. कुठे थांबायचं, काय खायचं

उत्तरेच्या पट्ट्यात थंडीत गेलात तर पोपटी विचारा. मडक्यात वालाच्या शेंगा, वरखाली भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. ही शेतावरची, रात्रीची गोष्ट आहे. दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि वालाच्या शेंगांचा हंगाम असावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या रस्त्याला टांगलेल्या दिसतात. घ्या, टिकतात. जंजिऱ्याला शक्यतो सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा. नावाडी आत ठरावीक वेळच देतो, आणि शुक्रवारी दुपारी काही काळ किल्ला बंद असतो. दिवेआगर-श्रीवर्धनला मासे आणि शाकाहारी दोन्ही ताटं उत्तम. मी तिथे वालाचं बिरडं घेतो.

मधल्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्च गाठला तर वेसवी उतरल्यावर वेळास. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, पण पिल्लं निघतील की नाही ते घरट्यावर अवलंबून. एक रात्र गावात राहिलात तर दोन संधी मिळतात. फ्लॅश वापरू नका, दोरीच्या आत जाऊ नका.

हर्णैचा लिलाव बघायचाच असतो, पण तिथे बोली टोपल्यांवर लागते. दोघांसाठी किलोभर मासे हवेत तर शेजारी बसलेल्या मावश्यांकडून घ्या. बांगडा उचलून बघा: अंग ताठ, कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत. शेपूट धरल्यावर लोळागोळा झाला तर ठेवून द्या. साफ करून तिथेच घ्या. मात्र मुक्कामी करून देणार का, हे आधी विचारलेलं हवं. न विचारता पिशवी स्वयंपाकघरात नेऊन ठेवणारे पाहुणे कोणालाच आवडत नाहीत, आणि शाकाहारी घर असेल तर तर नाहीच.

गुहागर-हेदवीकडे कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, आणि हंगाम असेल तर कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. रत्नागिरीत एक पूर्ण दिवस द्या: थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग. पुढे पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळीचा कनकादित्य असा किनाऱ्याचा रस्ता महामार्गापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि तरी बहुतेक गाड्या महामार्ग धरायला हातखंब्याकडे वळतात.

दक्षिणेत विजयदुर्ग, मग देवगड. विजयदुर्गला पोचायला वाघोटणच्या खाडीला वळसा पडतो, त्याचा वेळ धरा. मालवणात सिंधुदुर्गाची होडी सकाळी, जेवण दुपारी. घावन-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार न्याहारीला. कोंबडी-वडे रात्री, कारण त्यानंतर काही काम होत नाही. शिरवाळे नारळाच्या गोड रसाबरोबर मिळाले तर सोडू नका, ते सगळीकडे करत नाहीत. बांगड्याच्या तिखल्यात काळसर, फुटलेल्या मिऱ्यांसारखी तिरफळं दिसतील. ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. चावलंत तर जीभ बधिर होते आणि सोलकढीची चवही जाते. सोलकढी मागताना "फुटी कढी आहे का?" असंही विचारून बघा. ती बिनानारळाची, नुसत्या कोकमाची, आणि उन्हात जास्त बरी.

नेहमीची चूक: देवबाग. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी आहे आणि टोकाला रस्ता संपतो. समोर भोगवे दिसतं, हाकेच्या अंतरावर, पण गाडीला तिथून वाट नाही. मागे मालवणकडे येऊन कर्लीवरच्या पुलाने परुळेमार्गे जावं लागतं. वेंगुर्ल्याच्या दिवसात देवबाग कोंबू नका.

कार्तिकानंतर गेलात तर गावात चौकशी करा: जवळपास कुठे जत्रा आहे का, रात्री दशावतार आहे का. असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा. जत्रेतलं खाजं तिथेच उभ्याने खायचं.

रेडीच्या पुढे तेरेखोल, तिथेच गोवा सुरू होतो, आणि तिथून फेरीने केरी. गोव्यात डोकावून परत येणार असाल तर परवान्याशिवाय बाटल्या आणू नका, नाक्यावर गाडी उघडायला लावतात.

## ९. परतीचं सामान आणि गाडी

आंबा, काजू, कोकम, आंबापोळी-फणसपोळी ही खरेदी शेवटच्या दोन दिवसांत. आंब्याची पेटी घेताना किती डझनी आहे ते विचारा. पेटी तेवढीच, डझन जास्त म्हणजे फळ लहान. वरचा थर काढून खालचं फळ बघा. घरी पोचायला दोन दिवस असतील तर कच्चा माल घ्या. तयार आंबा बंद गाडीच्या उन्हात दुपारभरात उतरतो. पेटी डिकीत, पेंढ्यासकट, आणि वर बॅग नको.

सुकी मासळी एकदम शेवटी. सोडे, सुकट, बोंबील काहीही असो, दोन पिशव्या आणि वर घट्ट झाकणाचा डबा. एवढं करूनही वास येणारच. घाट चढताना काचा उघड्या ठेवाव्या लागतील, हे दोघांनी मिळून मान्य करून मगच घ्या.

परतीला किनाऱ्याने उलटं येऊ नका. मालवणहून कोल्हापूर-पुण्याकडचं कोणी फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीने वर चढावं, मुंबईकरांनी ६६ क्रमांकाच्या महामार्गाने. मुंबईचा पल्ला एका दिवसात ओढायचा झाला तर पहाटे निघा. रविवारी संध्याकाळी पनवेलच्या अलीकडे सापडलात तर आठवड्याची सगळी हवा तिथेच संपते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला टाका आणि खालून पाण्याचा मारा करायला सांगा. खाऱ्या हवेने आणि फेरीच्या धक्क्यावरच्या पाण्याने ब्रेकच्या तबकड्या आणि सायलेन्सर गंजतात. पायपुसणी काढून झटका, वाळू सीटच्या रुळांत शिरते. आंबे पेटीतून काढून पेंढ्यात पसरून ठेवा, एकमेकांना न लागता, आणि रोज एकदा चाळवा. डाग पडलेला आधी खायचा.